साठवलेलं पाणी वेगळं, तयार टाकी वेगळी

नागपुरात ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न या काचेच्या टाकीत पाळायच्या मोठ्या माशांची पिल्लं नव्याने आणणाऱ्यांकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं: "भाऊ, पाणी दोन दिवस भरून ठेवलं होतं नं, तरी मासे मेले कसे?" दोन दिवसांत पाण्यातला क्लोरीन गेला, एवढंच झालं. टाकी तयार झालीच नव्हती. ही गल्लत काही दुकानदारही गिऱ्हाइकाच्या गळी उतरवतात याचा मला मनापासून राग येतो, कारण जीव माशाचा जातो.

नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेल्या क्लोरीनचं तुम्हाला ठाऊकच आहे. नळाचं पाणी ड्रममध्ये उघडं ठेवायचं, एअर पंप सोडायचा, दिवसभरात काम होतं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. बोअरच्या कच्च्या पाण्यात तोही प्रश्न नाही.

आता जिथे सगळे अडखळतात तिथे येऊ. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. तयार टाकीत जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनियाने कल्ले भाजतात. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, म्हणून एअर पंप जोरात चालू असतानाही मासा वर येऊन आ वासत राहतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजला, रेतीला, काचेला चिकटून राहतात आणि अमोनिया मिळाला तरच वाढतात. त्यामुळे रिकाम्या टाकीत पाणी दोन दिवस ठेवा की दोन महिने, त्यांच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. अमोनिया मिळू लागल्यावर त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणूनच मासे पहिल्या दिवशी मरत नाहीत. सुरुवातीचे दोन-तीन दिवस पिल्लं मजेत खातात, घरचे खूश असतात. मग अमोनिया चढतो. त्यातून वाचलेली पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नायट्राइटच्या तावडीत सापडतात, आणि दोष जातो "पाणी खराब आलं" याला. पाणी काचेसारखं नितळ असतं, कारण अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत.

मोठ्या टाकीत चार-दोन गप्पी असतील तर ही चूक कधीकधी खपून जाते. ऑस्कर मात्र वाढून फूटभर होतो आणि प्रथिनांनी भरलेलं खाणं खातो. त्याची घाणही त्याच मापाची. त्यात आपला उन्हाळा. पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीतली टाकी ३४-३५ पर्यंत सहज जाते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास. नवी टाकी मांडायला मे हा सगळ्यात वाईट महिना, असं माझं ठाम मत आहे.

तयार टाकीलाही क्लोरीन चालत नाही. तो कल्ल्यांना जाळतो आणि या जिवाणूंनाही मारतो. त्यामुळे फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणं मला बघवत नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळा, बस. त्याहून वाईट म्हणजे दर महिन्याला सगळं उपसून रेती, काच, फिल्टर घासून काढणं. अशी टाकी चकाचक दिसते आणि जवळपास पहिल्या दिवसावर येऊन पोचते. मासा सुस्तावला की निळं औषध (मिथिलीन ब्लू) ओतण्याची सवयही सोडा. ते या जिवाणूंनाच बाधतं.

टाकी लवकर तयार करायची असेल तर निरोगी मासे असलेल्या मित्राच्या चालू टाकीतला जुना स्पंज मागून आणा. विरजणासारखं काम करतो. वाटेत तो ओला राहू द्या आणि घरी आल्याआल्या चालू फिल्टरमध्ये बसवा. स्पंज मिळाला नाही तर पाणी भरलेल्या पण मासे नसलेल्या टाकीत सोललेल्या कोळंबीचा छोटा तुकडा कुजू द्या आणि फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर आधी अमोनिया, मग नायट्राइट चढताना दिसेल. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागलं की पिल्लं आणा, तीही एकदम पाच नाही. दुकानात मिळणाऱ्या बाटलीतल्या जिवाणूंवर भरवसा ठेवायचाच असेल तर तोही किटवर आकडे पाहून ठेवा.

आणि रात्री फिल्टर बंद करू नका. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर बॅटरीवरचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर ही जोडी मी महागड्या कॅनिस्टरच्या (टाकीबाहेर ठेवायच्या डबाबंद फिल्टरच्या) आधी घेईन.