काढणीच्या तोंडावर कुजणारा गांजा

उन्हाळाभर उघड्यावर जोमाने वाढलेल्या गांजाच्या झाडाचा खरा कस लागतो तो काढणीच्या आधीच्या दोनेक आठवड्यांत. फुलोरे भरलेले असतात, राळेने चिकट झालेले असतात, आणि त्यातल्याच सगळ्यात दणकट फुलोऱ्यातलं एखादं बारीक पान अचानक पिवळं पडून मान टाकतं. आजूबाजूचं सगळं हिरवंगार. ते पान चिमटीत धरून ओढलं तर जराही अडत नाही, अलगद हातात येतं. त्याच्या देठाचं टोक तपकिरी आणि ओलसर असतं. मग दोन्ही अंगठ्यांनी फुलोरा उकलून पाहावा, तर आतली दांडी मऊ पडलेली, तिच्याभोवती करडी लव आणि धक्का लागताच उडणारी राखाडी पूड. ही पूड म्हणजे बीजाणू, आणि ते दिसले याचा अर्थ रोग आत शिरून बरेच दिवस झालेत.

ही करणी बोट्रायटिस सिनेरिया नावाच्या बुरशीची. स्ट्रॉबेरीवर राखाडी लव धरते ती हीच आणि द्राक्षाचे घड कुजवते तीही हीच. हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर ती जगू शकते. ‘मॉलिक्युलर प्लांट पॅथॉलॉजी’ या नियतकालिकाने 2012 साली तज्ज्ञांचा कौल घेऊन वनस्पतींच्या दहा महत्त्वाच्या रोगकारक बुरश्यांची यादी केली, तेव्हा भातावरच्या करप्याखालोखाल दुसरा क्रमांक हिचा लागला. थंडीचंही तिला वावडं नाही. शून्य अंशाच्या आसपासही ती हळूहळू वाढत राहते, म्हणून फळं फ्रिजमध्ये ठेवूनही नासतात. गंमत अशी की फ्रान्समधल्या सोतर्न आणि हंगेरीतल्या तोकाय भागात द्राक्षबागायतदार हिचीच वाट पाहतात. सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असं हवामान मिळालं, तर ती द्राक्षांच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून साखर घट्ट होते आणि त्यापासून नावाजलेली गोड वाइन बनते. गांजाच्या बाबतीत मात्र असा काही फायदा नाही. तिथे नुसती नासाडी.

पण ती नेमकी काढणीच्या वेळीच का येते? गांजा हे लहान दिवसांचं झाड आहे. रात्री लांबू लागल्या की त्याला फुलायची खूण मिळते. उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण देशांत त्यामुळे फुलोरे पिकतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे रात्री गार, सकाळी धुकं आणि मधूनच पावसाची झड अशा दिवसांत. बुरशीला हवं असतं 15 ते 25 अंश तापमान आणि काही तास टिकणारा ओलावा. बीजाणू रुजायला पाण्याचा पातळ थर किंवा 90 टक्क्यांच्या वरची आर्द्रता पुरते. पाऊस नसला म्हणजे निर्धास्त राहता येतं असंही नाही. निरभ्र रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात, मग हवेतली वाफ त्यांच्यावर दव होऊन बसते. आभाळ स्वच्छ असलेली रात्र फुलोऱ्याला रिमझिम पावसाइतकीच भिजवू शकते.

दुसरं कारण माणसाने घडवलेलं आहे. गांजाचं परागीभवन वाऱ्यावर होतं. नर झाडं वेळीच उपटून टाकली की मादी फुलं परागाची वाट पाहत राहतात आणि झाड फुलावर फूल चढवत जातं. त्यातूनही सगळ्यात घट्ट, वजनदार फुलोऱ्यांची झाडं लोक पिढ्यान्‌पिढ्या निवडत आले. अशा गच्च फुलोऱ्यात वारा शिरत नाही. आत अडकलेलं दव दुपारपर्यंत सुकत नाही आणि पेशींमधून बाहेर पडणारी वाफही तिथेच कोंडते. उष्ण प्रदेशांतल्या कित्येक जुन्या वाणांचे फुलोरे विरळ, मोकळे असतात, त्यांना हा त्रास कमी होतो. रोग बुरशीचा खरा, पण तिला राहायला जागा आपणच करून दिली आहे.

आत शिरायला तिला मेलेली किंवा मरू घातलेली पेशी सगळ्यात सोपी पडते. परागाची वाट पाहून तपकिरी पडलेल्या कुक्षी, म्हणजे फुलाची पराग झेलणारी टोकं, आणि फुलोऱ्यात दडलेले पानांचे जुने देठ तिला आयतेच सापडतात. अळ्याही मदत करतात. मक्याच्या कणसातली अळी अमेरिकेत हेंपच्या, म्हणजे नशा न आणणाऱ्या गांजाच्या, फुलोऱ्यातही घुसते आणि तिने पोखरलेल्या, विष्ठेने ओल्या झालेल्या वाटेने बुरशी खोल जाते. एकदा जम बसला की ती जिवंत पेशी आधी मारते आणि मग खाते. त्यासाठी तिच्याकडे विषारी रेणू आहेत, ऑक्झॅलिक आम्ल आहे आणि पेशीभित्तिकेतलं पेक्टिन विरघळवणारी विकरं आहेत. दांडी मऊ पडते ती या विकरांमुळेच. 2013 साली ‘सायन्स’मध्ये एक चकित करणारा शोध प्रसिद्ध झाला. ही बुरशी आपल्या आरएनएचे अगदी छोटे तुकडे वनस्पतीच्या पेशीत सोडते, आणि ते तुकडे वनस्पतीचीच यंत्रणा वापरून तिची प्रतिकाराची जनुकं गप्प करतात. ते प्रयोग अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या रोपावर आणि टोमॅटोवर झाले होते, गांजावर नव्हे.

आता, बागेत कूज दिसली तर करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे झटकू नका. सडका भाग तोडण्याआधी त्यावर पिशवी चढवा, म्हणजे बीजाणू शेजारच्या फुलोऱ्यांवर उडणार नाहीत. डोळ्यांना दिसतो तेवढाच भाग कापून भागत नाही. बुरशीचे तंतू त्याच्यापुढे गेलेले असतात, त्यामुळे खाली काही सेंटिमीटर निरोगी दांडीसकट छाटावं. कात्री दर वेळी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि निरोगी झाडांचं काम आधी उरकावं.

फवारणीचा मोह होतो, पण या टप्प्यावर तिचा उपयोग जवळजवळ नसतो. हायड्रोजन पेरॉक्साइड पृष्ठभागावरचे बीजाणू मारतं, दांडीच्या आत पोचत नाही. बुरशीनाशक फुलोऱ्यात राहून जातं, आणि हा माल पुढे बऱ्याचदा जाळून ओढला जातो. मायक्लोब्युटानिलसारखं द्रव्य तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघू शकतो. बॅसिलस जिवाणू किंवा ट्रायकोडर्मा बुरशीसारखे जैविक उपाय आहेत, पण ते रोग येण्याआधी, फुलोरे घट्ट होण्यापूर्वी द्यावे लागतात.

त्यापेक्षा महत्त्वाचा निर्णय काढणीच्या तारखेचा. भिंगाखाली राळेच्या ग्रंथी आधी काचेसारख्या, मग दुधाळ आणि शेवटी पिवळसर तांबूस दिसतात. बहुतेक ग्रंथी दुधाळ झाल्या असतील आणि पुढे तीन-चार दिवस पावसाचे दिसत असतील, तर माझ्या मते थांबू नये. आणखी थोड्या पक्वतेच्या आशेवर अर्धं पीक गमावण्यात शहाणपण नाही. सगळं झाड एकदम तोडायचीही गरज नसते. वरचे जाड शेंडे आधी काढावेत, खालचे लहान, मोकळे फुलोरे थांबू शकतात.

तोडल्यानंतरही धोका टळत नाही. अख्खे जाड शेंडे टांगले तर कूज आतल्या आत चालूच राहते, म्हणून रोगट बागेतला माल लहान फांद्या करून वाळवावा. खोली 18 ते 20 अंशांवर, आर्द्रता 50 ते 55 टक्के, हवा खेळती पण पंख्याचा झोत थेट मालावर नको. वाळलेल्या फुलोऱ्यासाठी अमेरिकी मानकात जलक्रियता, म्हणजे बुरशीला वापरता येणाऱ्या मोकळ्या पाण्याचं 0 ते 1 असं माप, 0.55 ते 0.65 अशी दिली आहे. बोट्रायटिसला याच्या कितीतरी वर, 0.9च्या पुढे लागतं. अॅस्परजिलससारख्या काही बुरश्या मात्र बऱ्याच कोरड्या मालावरही वाढतात.

आणि सडका भाग काढून टाकल्यावर उरलेलं वापरावं का? लागलेला फुलोरा वाळवून, धुऊन किंवा अर्क काढून ‘वाचवण्याच्या’ भानगडीत पडू नये. करड्या बुरशीच्या बीजाणूंमुळे द्राक्षबागेत काम करणाऱ्यांना फुप्फुसाचा अॅलर्जिक दाह झाल्याच्या नोंदी आहेत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांत बुरशी लागलेला गांजा ओढल्याने अॅस्परजिलसचा गंभीर संसर्ग झाल्याच्याही आहेत, आणि औषध म्हणून गांजा घेणाऱ्यांत असे रुग्ण बरेच असतात.

काढणी झाल्यावर खोडं, पानं आणि फेकलेले फुलोरे जागेवर पडू देऊ नयेत. त्यांच्यावर ही बुरशी काळ्या, टणक गाठी करते, त्या हिवाळाभर टिकतात आणि वसंतात त्यांतून नवे बीजाणू निघतात. घरच्या कंपोस्टच्या ढिगात या गाठी मरतील इतकी उष्णता क्वचितच तयार होते, त्यामुळे हा कचरा पिशवीत बांधून बागेबाहेरच काढावा.