देशीयकरण : भारतीय नागरिकत्वाचा अर्जमार्ग

परक्या देशाचा नागरिक ठरावीक काळ एखाद्या देशात राहिला आणि त्याने स्वतः अर्ज केला, तर त्याला कायद्याने आपला नागरिक करून घेण्याच्या रीतीला देशीयकरण म्हणतात. भारतात ही रीत नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ६ खाली चालते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तिला ‘स्वीकृतीद्वारे नागरिकत्व’ किंवा ‘नैसर्गिकीकरण’ अशी नावे आढळतात. यांपैकी दुसरा शब्द इंग्रजी संज्ञेची नुसती सावली आहे. पहिला मात्र नेमका आहे, कारण या व्यवहारात अर्जदार मागतो आणि शासन स्वीकारते किंवा नाकारते. सर्व अटी पुऱ्या केल्या म्हणून नागरिकत्व मिळालेच पाहिजे, असा हक्क अर्जदाराला नाही. कलम १४ प्रमाणे मंजुरी वा नामंजुरी शासनाच्या विवेकाधीन असून तिची कारणे देण्याचे बंधन शासनावर नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की पुढच्या कागदपत्रांच्या लांबलचक वाटेचा अर्थ लागतो.

जन्माने, वंशाने, नोंदणीने, देशीयकरणाने आणि नवा प्रदेश सामील झाल्याने अशा पाच प्रकारांनी भारतीय नागरिकत्व मिळते. यांतील नोंदणी आणि देशीयकरण यांची सामान्य बोलण्यात नेहमी गल्लत होते. भारतीय व्यक्तीशी विवाह केलेला परदेशी जोडीदार किंवा मूळ भारतीय वंशाची व्यक्ती अर्ज करते ती कलम ५ खाली, म्हणजे नोंदणीसाठी, आणि तिथे वास्तव्याची अट सर्वसाधारणपणे सात वर्षांची आहे. देशीयकरण हे ज्याचा या देशाशी रक्ताचा वा विवाहाचा धागा नाही, त्याच्यासाठीही उघडे असलेले दार आहे. गोव्याच्या वाट्याला पाचवा प्रकार आला. गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश, १९६२ नुसार २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मलेले, किंवा ज्यांचे आईवडील अथवा आजीआजोबा तिथे जन्मले होते असे लोक, कसलाही अर्ज न करता भारतीय नागरिक ठरले. उलट ज्यांना आधीचे नागरिकत्व ठेवायचे होते त्यांनाच एका महिन्यात तसे लेखी जाहीर करावे लागले. एका गोमंतकीय धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवण्याचे जाहीर केले. पुढे परवान्याशिवाय राहिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल लागला.

ब्रिटिश अमलात देशीयकरणासाठी १८५२ चा आणि नंतर १९२६ चा असे स्वतंत्र कायदे होते. संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या अनुच्छेदांवर चर्चा झाली, तेव्हा मसुदा समितीला या विषयाने किती डोकेदुखी दिली हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरुवातीलाच सांगितले होते. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचा आक्षेप असा होता की मसुद्यातील तरतुदींमुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. अखेर संविधानाने अनुच्छेद ५ ते ११ मध्ये मुख्यत्वे आरंभीच्या वेळी नागरिक कोण एवढेच ठरवले आणि पुढचे सारे संसदेवर सोपवले. संघसूचीतील १७ व्या नोंदीमुळे नागरिकत्व आणि देशीयकरण हा केवळ केंद्राचा विषय आहे. राज्य शासन आणि जिल्हाधिकारी यांचे काम चौकशीचे आणि शिफारशीचे असते; निर्णय दिल्लीत होतो.

अटी अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. अर्जदार सज्ञान असला पाहिजे आणि २००३ च्या दुरुस्तीने केलेल्या व्याख्येप्रमाणे तो अवैध स्थलांतरित नसला पाहिजे. ज्या देशात भारतीयांना अशाच रीतीने नागरिक होण्यास मनाई आहे, अशा देशाचा तो नागरिक नसावा. त्याचे चारित्र्य चांगले असावे, त्याला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी येत असावी आणि नागरिकत्व मिळाल्यावर भारतातच राहण्याचा किंवा शासनसेवा अथवा तत्सम सेवेत राहण्याचा त्याचा इरादा असावा. मात्र अर्जदारांचा खरा घाम निघतो तो वास्तव्याच्या हिशोबात. अर्जाच्या लगत आधीचे बारा महिने अखंड भारतात काढलेले असावे लागतात, आणि त्याच्याही आधीच्या चौदा वर्षांत सगळे मिळून किमान अकरा वर्षांचे वास्तव्य लागते. आधी ही गणती बारांपैकी नऊ वर्षांची होती. ती २००३ च्या दुरुस्तीने वाढली.

हे उदाहरणाने पाहावे. एखाद्याने १ जून २०२५ रोजी अर्ज केला, तर १ जून २०२४ पासून पुढचे वर्षभर तो देशाबाहेर गेलेला नसावा, आणि १ जून २०१० ते ३१ मे २०२४ या चौदा वर्षांत त्याच्या गैरहजेरीची बेरीज तीन वर्षांवर जाऊ नये. म्हणून अर्ज भरायला बसलेल्या माणसापुढे आधी जुने-नवे पासपोर्ट उघडलेले असतात. येण्याच्या शिक्क्याची तारीख एका रकान्यात, जाण्याच्या शिक्क्याची दुसऱ्यात, मधले दिवस तिसऱ्यात अशी वही तयार होते. एखादा शिक्का पुसट निघतो, एखादा पासपोर्ट नूतनीकरणाच्या वेळी वकिलातीत जमा झालेला असतो, आणि आईच्या आजारपणासाठी मायदेशी काढलेले तीन आठवडे नेमके शेवटच्या बारा महिन्यांत येतात. अशा विशेष परिस्थितीत अर्जापूर्वी सहा महिन्यांच्या आत संपलेले अखंड बारा महिने धरण्याची मुभा केंद्र शासन देऊ शकते; पण ती मुभा आहे, तिच्यावर हिशोब बेतता येत नाही.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, नागरिकत्व नियम, २००९ मधील नमुना ८ मध्ये भरला जातो. तिथे फाइल क्रमांक मिळाला, की छापील प्रत आणि कागदपत्रे घेऊन अर्जदार राहत असलेल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. चालू पासपोर्ट, निवासाचा परवाना, शुल्क भरल्याची पावती आणि प्रतिज्ञापत्र हे तर असतेच. पण या गठ्ठ्यातले दोन कागद विशेष पाहण्यासारखे आहेत. एक म्हणजे वर्तमानपत्राची कात्रणे. आपण नागरिकत्वासाठी अर्ज करत आहोत, अशी सूचना जिल्ह्यात खपणाऱ्या वर्तमानपत्रांत दोनदा छापून तिची कात्रणे जोडावी लागतात. जमिनीच्या व्यवहाराच्या नोटिसा आणि नावबदलाच्या जाहिराती यांच्यामध्ये, चार ओळींच्या चौकटीत, एक माणूस आपला देश बदलत असल्याचे कळवतो. दुसरा कागद भाषेच्या दाखल्याचा. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत अर्जदाराला इतिहास, राज्यव्यवस्था आणि इंग्रजी यांची परीक्षा द्यावी लागते. भारतात अशी लेखी परीक्षा नाही. भाषा येते हे शिक्षणसंस्थेने किंवा नागरिकांनी लिहून द्यायचे असते, आणि चारित्र्याची हमीही अर्जदाराला ओळखणारे दोन भारतीय नागरिक प्रतिज्ञापत्रावर देतात. थोडक्यात, भारतीय पद्धत अर्जदाराच्या ज्ञानापेक्षा त्याच्या शेजारपाजारावर अधिक विसंबते. ही पद्धत ढिली आहे असे म्हणता येईल. पण पंधरा वर्षे एका गावात राहिलेल्या माणसाची पारख पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांपेक्षा शेजाऱ्याला बरी असते, हेही खरे. कासेगावात राहून शेतकरी आणि स्त्रियांच्या चळवळीत वावरलेल्या, मूळच्या अमेरिकन गेल ऑम्व्हेट १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या.

जिल्हाधिकाऱ्यांनी आपला अहवाल साठ दिवसांत राज्य शासनाकडे आणि राज्याने तो पुढे तीस दिवसांत केंद्राकडे पाठवावा, असे नियम सांगतात. या काळात स्थानिक पोलीस घरी येऊन जबाब घेतात, शेजाऱ्यांकडे विचारपूस होते आणि केंद्रीय सुरक्षा यंत्रणांकडूनही पडताळणी होते. नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर वेगळे असले किंवा पत्ता बदलला असला, की त्रुटी निघते आणि ती पुरी होईपर्यंत फाइल थांबते.

मंजुरी कळवणारे पत्र आले म्हणजे माणूस नागरिक झाला असे नव्हे. भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, त्यामुळे या टप्प्यावर अर्जदाराला आपल्या देशाचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणून द्यावा लागतो. साऱ्या प्रक्रियेतला हा सर्वांत नाजूक टप्पा म्हणावा लागेल. जुने नागरिकत्व सोडणे हे जुन्या देशाच्या कायद्यावर आणि त्याच्या वकिलातीच्या वेगावर अवलंबून असते, आणि ते सुटल्यापासून नवे हाती येईपर्यंत माणूस कागदोपत्री कुठलाच नसतो. पुरावा दाखल झाल्यावर निष्ठेची शपथ होते. दुसऱ्या अनुसूचीतील ही शपथ एका वाक्याची आहे : विधिद्वारा स्थापित भारतीय संविधानाशी खरी निष्ठा बाळगणे, भारताचे कायदे पाळणे आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडणे. तिच्यात राष्ट्रप्रमुखाचे, धर्माचे वा भाषेचे नाव नाही. शपथ घेतल्यावर प्रमाणपत्रावरील तारखेपासून व्यक्ती भारतीय नागरिक गणली जाते.

विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांची विशेष सेवा केलेल्या व्यक्तीला यांतील काही किंवा सर्व अटी माफ करण्याचा अधिकार कलम ६ ने केंद्राला दिला आहे. दीर्घकाळ मुंबईत राहिलेले, मूळचे पाकिस्तानी नागरिक असलेले गायक अदनान सामी यांना १ जानेवारी २०१६ पासून भारतीय नागरिकत्व मिळाले, तेव्हा या विषयाची वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली.

२०१९ च्या दुरुस्तीने मात्र व्यक्तीऐवजी समुदाय पाहून सवलत दिली. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेश येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींसाठी अकरा वर्षांची अट पाचवर आली. मुसलमानांना वगळल्याने कायद्यापुढील समानतेचा भंग होतो, असे म्हणणाऱ्या अनेक याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या. धार्मिक छळाला तोंड देणाऱ्या अल्पसंख्याकांसाठी ही सोय असल्याची शासनाची बाजू आहे. नियम ११ मार्च २०२४ रोजी आले आणि १५ मे २०२४ रोजी दिल्लीत पहिली चौदा प्रमाणपत्रे दिली गेली. या वाटेवर जिल्हाधिकारी नाहीत. जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात. महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध त्याआधीचा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने याच तीन देशांतून आलेल्या याच सहा समुदायांचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार देशातील सोळा जिल्ह्यांना दिले, त्यांत मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर होते. नागपूरच्या जरीपटका भागात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या, पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांना ‘एलटीव्ही’ आणि ‘सिटिझनशिप’ हे शब्द घरच्यासारखे झालेले आहेत.

देशीयकरणाने झालेला नागरिक मतदान करू शकतो, निवडणूक लढवू शकतो, आणि अमेरिकेप्रमाणे जन्माने नागरिक असण्याची अट नसल्याने भारताचा राष्ट्रपतीही होऊ शकतो. फरक राहतो तो कलम १० पुरता, कारण नागरिकत्व काढून घेण्याची ती तरतूद जन्मसिद्ध नागरिकाला लागू नाही, त्याला मात्र आहे. फसवणुकीने मिळवलेले प्रमाणपत्र, संविधानाशी द्रोह, युद्धकाळात शत्रूशी व्यापार आणि नागरिक झाल्यापासून पाच वर्षांच्या आत कोणत्याही देशात झालेली किमान दोन वर्षांची कैद ही तिची कारणे आहेत. आणखी एक कारण असे की तो सलग सात वर्षे भारताबाहेर राहिला, आणि त्या काळात विद्यार्थी नव्हता, भारतातील शासनाच्या वा भारत सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सेवेतही नव्हता, आणि नागरिकत्व राखण्याचा इरादाही त्याने दरवर्षी भारतीय वाणिज्य दूतावासात नोंदवला नाही.