विमानातले हेडफोन एकमेकांत मिसळत का नाहीत?

इंदूरहून पुण्याला मुलांकडे विमानाने ये-जा करणारी मराठी घरे आता पुष्कळ आहेत, आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश हमखास येतो: विमानात ब्लूटूथ हेडफोन लावू नका, त्यांच्या लहरींनी वैमानिकाची यंत्रे बिघडतात. हा संदेश चुकीचा आहे. मात्र तो खोडून काढण्यासाठी ‘काही होत नाही’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. लहरी कोणत्या आणि किती शक्तीच्या, हे पाहावे लागते.

वैमानिक नियंत्रण कक्षाशी बोलतो ते ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा संकेत १०८ ते ११२ मेगाहर्ट्‌झमध्ये असतो, तर जीपीएसचा संकेत १५७५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. ब्लूटूथचे काम २४०२ ते २४८० मेगाहर्ट्‌झमध्ये, म्हणजे या सर्वांपासून दूर चालते आणि हेडफोनची प्रक्षेपणशक्ती साधारणतः काही मिलिवॉटच असते. याउलट, टॉवर सापडेनासा झाला की मोबाइल फोन आपली शक्ती वाढवत नेतो. जुन्या २जी फोनमध्ये ती २ वॉटपर्यंत जाई. शिवाय उंचावरून एकाच वेळी अनेक टॉवर ‘दिसत’ असल्याने जमिनीवरच्या जाळ्यालाही त्रास होतो. म्हणून बंद करायचे असते ते मोबाइल नेटवर्क. भारतात डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने, २०१४ मध्ये फ्लाइट मोडमधील उपकरणे उड्डाणभर वापरण्यास परवानगी दिली आणि फ्लाइट मोड लावल्यावरही ब्लूटूथ वेगळे चालू करता येते.

मला खरे कुतूहल वाटते ते पुढच्या प्रश्नाचे. एकाच केबिनमध्ये कित्येक प्रवासी त्याच अरुंद पट्ट्यात आपापली गाणी ऐकत असतात. मग एकाचे भजन दुसऱ्याच्या कानात का जात नाही?

ब्लूटूथने आपला पट्टा प्रत्येकी १ मेगाहर्ट्‌झच्या ७९ वाहिन्यांत विभागला आहे. फोन आणि हेडफोन एका वाहिनीवर थांबत नाहीत. ते सेकंदाला १६०० वेळांपर्यंत वाहिनी बदलतात. तेव्हा एका वाहिनीवरचा मुक्काम केवळ ६२५ मायक्रोसेकंदांचा असतो. इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या गर्दीत दोन मैत्रिणींनी एका दुकानासमोर एक वाक्य बोलावे आणि आधीच ठरलेल्या पुढच्या दुकानासमोर दुसरे, तसा हा संवाद चालतो. उड्यांचा क्रम फोनचा स्वतःचा पत्ता आणि त्याचे अंतर्गत घड्याळ यांवरून गणिताने निघतो. जोडणीच्या वेळी ही माहिती हेडफोनला मिळालेली असल्याने दोघे बरोबर एकाच वाहिनीवर पोहोचतात. आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, पाठवला जातो. प्रत्येक पाकिटाच्या आरंभी त्याच पत्त्यावरून तयार झालेला संकेत असतो आणि तो जुळला नाही तर हेडफोन ते पाकीट सोडून देतो.

तरीही टक्कर होतेच. दोन जोड्या एका क्षणी एकाच वाहिनीवर येण्याची शक्यता ७९ मध्ये १, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास असते. जोड्या वाढल्या की ती वाढत जाते. येथे अंतर मदतीला येते. आपला फोन अर्ध्या मीटरवर आणि परक्याचा पाच मीटरवर असेल, तर अंतर दसपट होते. शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने परका संकेत सुमारे शंभरपट क्षीण होऊन पोहोचतो आणि जवळचा संकेत बहुधा तरून जातो. जे पाकीट हरवते ते पुन्हा पाठवले जाते, आणि तोवर हेडफोन आपल्याजवळ साठवलेला आवाज वाजवत राहतो. शिवाय २००३ पासूनच्या ब्लूटूथमध्ये गजबजलेल्या वाहिन्या ओळखून त्या उड्यांतून वगळण्याची सोय आहे. विमानातील वायफाय त्याच पट्ट्यात असले, तरी त्यामुळे वाट काढता येते.

वाहिन्या बदलत राहण्याची ही कल्पना हेडी लमार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी पाणतीरांसाठी (टॉर्पेडोंसाठी) मांडली होती. १९४२ च्या त्यांच्या पेटंटमध्ये पियानोच्या पट्ट्यांइतक्या ८८ वारंवारता होत्या. ‘लमारने ब्लूटूथ शोधले’ हे मात्र अतिरंजित आहे, कारण ही कल्पना त्यांच्याआधीही सुचलेली होती आणि ब्लूटूथ अनेक अभियंत्यांचे काम आहे. त्याहून घातक आहेत ते फोनवर चिकटवायचे ‘किरणोत्सर्गरोधक’ स्टिकर. अशा स्टिकरने खरोखरच लहरी अडवल्या, तर संपर्क टिकवण्यासाठी फोन आपली शक्ती उलट वाढवेल. ते विकत घेऊ नयेत.

उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी कर्मचारी हेडफोन काढायला सांगतात ते सूचना ऐकू याव्यात म्हणून. त्याचा लहरींशी संबंध नसतो. विमानातील खरी जोखीम लिथियम बॅटरीची आहे. पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवता येत नाही, कारण तेथे पेटलेली बॅटरी कोणाच्या हाती लागत नाही. फोन किंवा इअरबड आसनाच्या फटीत पडला, तर आसन मागेपुढे करून तो शोधू नये: आसनाच्या धातूच्या सांध्यात बॅटरी चेपली की आतले थर एकमेकांना चिकटतात, तापमान झपाट्याने चढते आणि आग लागू शकते. जागचे न हलता कर्मचाऱ्यांना बोलवावे.