लसूणघासातली अळी आणि उष्णतेचा हिशेब

आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी जो लसूणघास लावतात, तोच अमेरिकेत अल्फाल्फा या नावाने लक्षावधी एकरांवर घेतला जातो. वसंतातल्या त्याच्या पहिल्या कापणीला सर्वाधिक धोका असतो तो हायपेरा पोस्टिका या सोंडकिड्याचा. मूळचा युरोप-आशियातला हा किडा अमेरिकेत प्रथम 1904 मध्ये, यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीजवळ आढळला. भारतातही तो लसूणघासावर येतो.

मुख्य नुकसान करते ती अळी. मादी काडीला भोक पाडून आत अंडी घालते, आणि त्यांतून निघालेल्या काळ्या डोक्याच्या, हिरवट अंगाच्या अळ्या शेंड्याच्या मिटलेल्या पानांत शिरून खाऊ लागतात. त्यामुळे बांधावरून पाहणाऱ्याला पीक निरोगीच वाटते; ते दुरून करडे दिसू लागेपर्यंत उत्तम चारा गेलेला असतो.

म्हणून पाहणी कधी सुरू करायची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर तारखेवर सोडता येत नाही, कारण किड्याची वाढ भोवतालच्या उष्णतेवर चालते आणि सुमारे 9 अंश सेल्सिअसखाली ती जवळजवळ थांबते. दिवसाच्या कमाल व किमान तापमानाची सरासरी काढून तीतून 9 वजा केले की त्या दिवसाची उपयुक्त उष्णता मिळते. कमाल 16 आणि किमान 6 असेल, तर ती 2 अंश-दिवस भरते. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात 1 जानेवारीपासूनची ही बेरीज 165च्या आसपास आली की शेतात उतरतात. दक्षिण उताराची जमीन लवकर तापते, म्हणून सुरुवात तिथून करणे शहाणपणाचे.

पाहणी साधीच असते. शेतभर फिरून सुमारे 30 काड्या अलगद तोडायच्या, बादलीत जोराने झटकायच्या आणि पडलेल्या अळ्या मोजायच्या. बारीक अळ्या शेंड्यातच चिकटून राहतात, तेव्हा शेंडे उकलूनही पाहायला हवेत. घासाची उंची, चाऱ्याचा भाव आणि फवारणीचा खर्च यांनुसार बदलत असली, तरी नुकसानीची पातळी साधारणपणे काडीमागे दीड ते तीन अळ्या अशी धरतात.

पातळी ओलांडली म्हणजे फवारलेच पाहिजे, असे मात्र नाही. कापणी जवळ आली असेल, तर ती थोडी आधी उरकणे मला अधिक योग्य वाटते, कारण 1911 पासून इटलीहून आणून सोडलेली, अळीच्या शरीरात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी फवारणीत मरते. कापणीनंतरही आठवडाभर खुंटांवर लक्ष ठेवावे लागते. कापलेल्या घासाच्या ओळींखाली जगलेल्या अळ्या नवे फुटवे खाऊन टाकतात, आणि मग रान हिरवे व्हायलाच उशीर लागतो.