पाकोझ्दची लढाई : पार्श्वभूमी

२९ सप्टेंबर १८४८ रोजी हंगेरीतील वेलेंत्से सरोवराजवळ, पाकोझ्द गावापाशी झालेली लढाई दिवसभरातच आटोपली आणि मनुष्यहानीही थोडीच झाली. त्या दिवशी समोरासमोर उभी ठाकलेली दोन्ही सैन्ये मात्र स्वतःला एकाच राजाची मानत होती.

ऑस्ट्रियाचा सम्राट फर्डिनांड हाच हंगेरीचा राजा होता. मार्चमधील क्रांतीनंतर ११ एप्रिल १८४८ रोजी त्याने मंजूर केलेल्या कायद्यांमुळे हंगेरीला बॉत्यानी यांच्या नेतृत्वाखाली संसदेला जबाबदार असे मंत्रिमंडळ मिळाले. सैन्याबाबत अखेरचा शब्द कोणाचा, हे मात्र मोघमच राहिले. हंगेरीच्या राजमुकुटाच्या छत्राखाली असलेल्या क्रोएशियाला मग्यार (हंगेरियन) राष्ट्रवादापासून आपल्या भाषेला आणि स्वायत्ततेला धोका वाटत होता, आणि ती भीती निराधार नव्हती. तिथला बान, म्हणजे प्रांताधिपती, योसिप येलाचिच याने नव्या सरकारचे हुकूम धुडकावले. जूनमध्ये सम्राटाच्या दरबाराने त्याला पदच्युत केले. पण इटलीत ऑस्ट्रियाची सरशी होताच व्हिएन्नातील या दरबाराचा नूर पालटला, ४ सप्टेंबरला त्याचे पद परत मिळाले आणि ११ सप्टेंबरला तो द्रावा नदी ओलांडून हंगेरीत शिरला.

त्याला अडवण्याची जबाबदारी असलेले हंगेरियन सैन्याचे प्रमुख यानोश मोगा हे स्वतः शाही सेनापती होते. राजाने नेमलेल्या सेनापतीशी लढणे हा राजद्रोह ठरेल का, या पेचातून शुकोरो येथील चर्चमध्ये २८ सप्टेंबरला झालेल्या बैठकीत अधिकाऱ्यांनी मार्ग काढला : आपण होऊन चढाई करायची नाही, हल्ला झालाच तर मात्र लढायचे. त्याच दिवशी, राजाने हंगेरीतील सर्व सैन्याचा प्रमुख म्हणून पाठवलेल्या लँबर्गला बुडा आणि पेस्ट यांना जोडणाऱ्या पुलावर जमावाने ठार मारल्यामुळे समेटाची उरलीसुरली आशाही मावळली.

दुसऱ्या दिवशी येलाचिचने हल्ला केला आणि तो परतवण्यात हंगेरियन तोफखान्याचा वाटा मोठा होता. त्यानंतर तीन दिवसांची शस्त्रसंधी झाली. तिचा आडोसा घेऊन येलाचिच व्हिएन्नाच्या दिशेने निसटला. त्याच्या मदतीला पाठवल्या जाणाऱ्या सैनिकांनी ६ ऑक्टोबरला कूच करण्यास नकार देताच खुद्द व्हिएन्नात उठाव झाला. येलाचिचचा पाठलाग करत मोगांचे सैन्य ऑस्ट्रियाच्या सीमेपाशी पोहोचले खरे, पण ती ओलांडायची की नाही हा राजनिष्ठेच्या शपथेचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि त्यात मोलाचे दिवस गेले. अखेर ३० ऑक्टोबरला व्हिएन्नाजवळील श्वेखाट येथे या सैन्याचा पराभव झाला आणि त्यानंतर मोगांच्या जागी आर्थर ग्यॉर्गेई सेनापती म्हणून आले.