नवख्यांना पोस्ट तपासायला शिकवणं (कोल्हापूर)

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली पोस्ट वाचून ती ठेवायची, काढायची का थांबवून विचारायचं हे ठरवणारे बहुतेक बिनपगारी स्वयंसेवकच असतात, त्यातल्या नवीन पोरापोरींना हे काम हाताखाली घेऊन शिकवायची ही पद्धत. कोल्हापुरात तिचा कस पावसाळ्यात लागतो. पंचगंगा चढायला लागली की पेठेच्या, तालमीच्या, कॉलनीच्या ग्रुपवर मिनिटाला मेसेज येतात आणि नवखा गांगरतो.

म्हणून आधी नदी शिकवायची, मोबाईल नंतर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, 2019 ला पाणी 55 फुटांवर गेलेलं आणि 2021 ला 56 च्या वर. राधानगरी धरणाला 7 स्वयंचलित दरवाजे, एकातून 1428 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), म्हणजे सातही उघडले तरी दहा हजाराच्या आसपास. एवढं डोक्यात बसलं की 'राधानगरीतून लाखभर क्युसेक सोडलं' ही पोस्ट तिथंच चितपट होते, कुणाला विचारायला पण लागत नाही.

अवघड असतात ते खरे फोटो. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलंय हा फोटो खरा असतो, फक्त 2019 चा असतो, आणि नवखा 'हे तर आपलंच शिरोली' म्हणून पास करतो. तिथं 'फोटो खरा का' असं न विचारता 'आजचा का' विचारायची सवय लावायची, पाठवणाऱ्यालाच विचारायचं, भावा तू स्वतः काढलास का? फॉरवर्डचे दोन बाण दिसले म्हणून पोस्ट खोटी ठरत नाही, ती लांबून फिरत आलीय एवढंच कळतं.

शिकवायची रीत तालमीतलीच, वस्तादानं शेजारी बसायचं. दोघांनी एकच पोस्ट बघायची, नवख्यानं आधी निर्णय आणि कारण सांगायचं, मग जुन्यानं आपलं. 2022 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, ते बटण मात्र सुरुवातीला नवख्याच्या हातात देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

कारण मदतीच्या पोस्ट. 'आंबेवाडीत आजी अडकलीय' हा मेसेज खोटा वाटला म्हणून काढला आणि तो खरा निघाला तर काय? तो कधीच नुसता काढायचा नाही, आधी दिलेल्या नंबरवर फोन, लागला नाही तर आपत्ती कक्षाला कळवायचं, आणि आजी सुखरूप बाहेर आली की त्याच मेसेजखाली वेळ घालून 'मदत पोचली' लिहायचं, नाहीतर दोन दिवसांनी तोच मेसेज परत फिरतो आणि बोट रिकाम्या घरापर्यंत जाऊन येते.