शेपटावर वारा कमी, दमछाक जास्त

सायकलींच्या घोळक्यात वारा सगळ्यांत कमी लागतो तो मधल्या-मागल्या स्वारांना. तरीही पहिल्यांदा क्रिटेरियम पळणारा गळतो तो हमखास शेपटावरूनच. ज्याला सगळ्यांत जास्त आडोसा, त्याचीच दमछाक आधी का होते?

क्रिटेरियम, सायकलवाल्यांच्या तोंडी ‘क्रिट’, म्हणजे एक-दोन किलोमीटरच्या बंद केलेल्या रस्त्यावर फेऱ्या मारण्याची शर्यत. ठरावीक मिनिटं पळायचं, वर दोन-तीन लॅप, शेवटच्या लॅपला घंटा. अंतर फार नसतं, चढही बहुधा नसतो. सगळा खेळ वळणांचा.

इंदूरला सुपर कॉरिडॉरवर पहाटे सायकली घेऊन निघणाऱ्यांत आपली मराठी मुलंही असतात. सुदामानगरात राहणारा माझा भाचा त्यांतलाच. एकटा तासभर ताशी 36 किलोमीटरनं जाईल असा दमाचा. पण पहिल्याच क्रिटमध्ये अर्धी शर्यत व्हायच्या आत घोळका त्याला टाकून पुढे गेला. म्हणाला, “मामा, सरळ रस्त्याला तर आराम होता. वळण आलं की जीव जायचा.” भौतिकशास्त्र त्याच्याच बाजूनं आहे.

आधी आराम कसला ते पाहू. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 40 किलोमीटरला एकट्या स्वाराचे ढोबळमानानं 240 वॅट हवेतच जातात. टायर आणि चेनचं घर्षण धरलं तर एकूण 285. (इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. पण ती सगळ्यांनाच विरळ, तेव्हा त्यावरून खूश व्हायचं कारण नाही.) पुढच्याचं चाक धरलं, म्हणजे त्याच्या अगदी मागोमाग चाललं, की हवेचा खर्च सहज तिसऱ्या हिश्शानं उतरतो. वायुगतिकीचे अभ्यासक बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 121 सायकलींच्या घोळक्याचा अभ्यास केला, तेव्हा आतल्या-मागल्या स्वारांवरचा हवेचा अवरोध एकट्या स्वाराच्या जेमतेम 5 ते 10 टक्के निघाला. स्थानिक शर्यतीत वीस-तीसच सायकली असतात, म्हणून एवढी चैन नाही. तरी भाच्याचं काम 190 वॅटच्या आसपास भागत असणार, आणि 230 तर तो तासभर देऊ शकतो.

मग वळण येतं. पहिला स्वार ब्रेक जेमतेम शिवतो, 40 वरून 34 वर येतो आणि निघून जातो. मागच्याला ते दिसून हात हलायला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात अंतर घटलेलं असतं, म्हणून तो थोडा जास्त दाबतो. त्याच्या मागचा आणखी जास्त. शेपटावर आधी पुढून फ्रीव्हीलची (पायडल थांबलं तरी मागचं चाक मोकळं फिरू देणाऱ्या चक्राची) टिकटिक ऐकू येते, म्हणजे पुढच्यांचे पाय थांबले. मग ब्रेकची किंचाळी. आणि आपण 20 वर. 2008 मध्ये जपानमध्ये यूकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 230 मीटरच्या वर्तुळात 22 मोटारी एकाच वेगानं चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना खड्डा, तरी काही वेळानं कोंडी झाली आणि ती लाटेसारखी मागे मागे सरकत गेली. घोळक्यातही हीच लाट उठते, फक्त इथे तिला दर वळणाला नवं निमित्त मिळतं.

आता हिशेब. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो. 34 वरून पुन्हा 40 वर यायला सुमारे 1,370 ज्यूल लागतात. 20 वरून यायचं तर 3,700. म्हणजे पावणेतीन पट. हे आठ सेकंदांत करायचं, तर शेपटावरच्याला हवेसकट साडेपाचशे-सहाशे वॅट काढावे लागतात.

तासभर टिकणाऱ्या मर्यादेच्या वर काम करायला शरीराकडे एक मर्यादित गंगाजळी असते. स्नायूंतल्या क्रिएटिन फॉस्फेट या झटपट इंधनाचा साठा आणि ऑक्सिजनवाचून होणारं साखरेचं विघटन, असा तिचा ढोबळ अर्थ. मोनोद आणि शेरेर यांनी 1965 मध्ये ही कल्पना मांडली. हौशी सायकलपटूकडे ती 15 किलोज्यूल धरू. शेपटावर दर वळणाला तिच्यातून 2,800 ज्यूल जातात, आणि पुढच्या सरळ पट्ट्यावरच्या वीसेक सेकंदांत फार तर सात-आठशे परत येतात. चार वळणांचा लॅप असेल, तर दुसरा लॅप संपायच्या आत खडखडाट. पुढच्या पाच-सहांत असणाऱ्याची जमा आणि खर्च मात्र जवळपास जुळतात. वारा थोडा जास्त खातो, पण दिवाळं निघत नाही.

वळण 34 नं घेणं जमायलाही हवं. सायकल किती कलवायची हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात, वजन नाही. बाहेरून आत, पुन्हा बाहेर अशी रेघ पकडून 15 मीटर त्रिज्या मिळाली, तर कल सुमारे 31 अंश आणि घर्षणगुणांक, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा, लागतो 0.6. कोरडं डांबर तेवढं देतं. आतली कड धरून 10 मीटरमध्ये वळायला गेलात, तर हवे 0.9, आणि मग सायकल खालून निसटायची वेळ. म्हणून ब्रेक वळणाआधी, बाहेरचं पायडल खाली आणि त्यावर भार. इंदूरचे रस्ते रोज झाडले जातात, ही आमची शेखी. पण झाडलेली बारीक वाळू वळणाच्या कडेला उरतेच, आणि नवखा तिथेच दचकून जास्त ब्रेक दाबतो.

असा दाबला आणि वीस मीटरचं अंतर पडलं समजा. ते भरून काढायचं तर घोळक्याच्या 40 ला एकट्यानं 44 काढायचे, अठरा सेकंद, तेही उघड्या वाऱ्यात: सुमारे 370 वॅट. ताजा असता तर भाच्यानं ते हसत काढले असते. पण त्या आधीच्या वळणानं त्याची गंगाजळी साफ केली होती, आणि पुढचं वळण तीनशे मीटरवर होतं.